खानदेशातली लग्ने आणि वाटसरूचा कॅमेरा

वैशाखाच्या ऐन उन्हात जळगावहून एरंडोल, पारोळे करीत धुळ्याकडे जाणाऱ्या जुन्या ६ क्रमांकाच्या, आता ५३ क्रमांकाच्या, राष्ट्रीय महामार्गाने जो कोणी प्रवास करील, त्याला मुहूर्ताचा दिवस असला तर त्या वाटेवर एखादे तरी लग्न भेटल्यावाचून राहणार नाही: कोठे फाट्यावर थांबलेल्या बसमधून घामाने निथळत उतरणारे वऱ्हाड, कोठे मारुतीच्या पारासमोर एका हाताने फेटा आणि दुसऱ्या हाताने घोड्याचा लगाम सावरणारा नवरदेव, कोठे शेताच्या कडेला घातलेल्या मांडवातून थेट रस्त्यापर्यंत ऐकू येणारी मंगलाष्टके. पूर्वी अशा वेळी वाटसरू क्षणभर थबके, कोणी अक्षता हातावर ठेवल्या तर त्या दुरूनच टाकी आणि आपल्या मार्गाला लागे. आता त्याच्यापाशी कॅमेरा असतो. आणि कॅमेरा जवळ असणारा मनुष्य नुसता थबकून पुढे जात नाही, तो आत शिरू पाहतो. ह्या आत शिरण्यापूर्वी त्याला काय ठाऊक असावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यातला बराचसा भाग प्रकाशाचा, काही रीतिरिवाजाचा आणि थोडासा कायद्याचा आहे.

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर ह्यांच्या मध्ये पसरलेले तापीचे खोरे म्हणजे खानदेश. इंग्रज अमदानीत, १९०६ साली, मूळच्या एकाच खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पाडण्यात आले. पूर्व खानदेशचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशचा धुळे, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निराळा निघाला. कचेऱ्यांनी मुलखाची अशी वाटणी केली तरी सोयरिकींनी त्या हद्दी कधी जुमानल्या नाहीत. शिरपूरची लेक यावलला, यावलचा मुलगा सुरतेस नोकरीला, आणि लग्न मात्र गावच्या मारुतीसमोर, हे चित्र येथे नित्याचे आहे. पोटापाण्यासाठी सुरतेच्या उधना-लिंबायतकडे गेलेली खानदेशी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत तापी खोऱ्यातल्या रेल्वेने गावाकडे परततात ती बहुधा लग्नांसाठीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यांना आणावयास मुऱ्हाळी गेलेला असतो, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. आणि ह्याच साडेतीन मुहूर्तांतल्या दिवसाच्या मागेपुढे लग्नसराई अशी दाटते की, गावातला मांडववाला, आचारी आणि फोटोवाला हे तिघे एकाच वेळी सापडणे ही भाग्याची गोष्ट ठरावी.

ह्या मुलखाच्या परिसरात कॅमेरा फार लवकर आला, तो अजिंठ्याच्या निमित्ताने. मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल हा १८४४ साली लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामगिरीवर नेमला गेला. पुढे ब्रशाबरोबर त्याने कॅमेराही हाती घेतला, आणि दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दाखवून खोलीचा भास उत्पन्न करणारी त्याची जोडछायाचित्रे फर्ग्युसन ह्या पंडिताच्या मजकुरासह १८६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलने वर्षानुवर्षे खपून रंगवलेल्या बहुतेक प्रतिकृती तीत भस्मसात झाल्या. कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे तेवढी शाबूत राहिली. पारो ह्या स्थानिक स्त्रीशी त्याचे जे नाते जडले, त्यावर ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले आहे. पारो १८५६ साली वारली व तिची कबर अजिंठा गावी आहे. गिल १८७९ साली गेला आणि त्याला भुसावळात माती मिळाली. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या दारावर, बुद्धमूर्तींच्या ओळीखाली, आठ प्रेमी युगुले चितारलेली आहेत. जोडप्याचे चित्र काढू इच्छिणाऱ्याने ती अवश्य न्याहाळावीत: आठांतल्या एकाही जोडीची बसण्याची ढब दुसरीसारखी नाही. अर्थात तेथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

लग्नाचे म्हणून छायाचित्र खेडोपाडी पोचायला मात्र त्यानंतर बराच काळ जावा लागला. प्रारंभी फोटोवाला लग्नात येत नसे. लग्न आटोपल्यावर, सोयीचा वार पाहून, नवे जोडपे बैलगाडीने किंवा टांग्याने तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाई. तेथे मागे बाग, जिना, संगमरवरी खांब असे काहीतरी रंगवलेला पडदा, पुढे एक कोरीव खुर्ची, एक तिपाई आणि तिच्यावर फुलदाणी असा थाट मांडलेला असे. नवरा खुर्चीवर बसे आणि नवरी शेजारी, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, उभी राही. काळ्या कापडाखाली डोके घातलेला छायाचित्रकार 'हलू नका' असे बजावून काचेची तबकडी उघडी टाकी, आणि त्या चार-दोन क्षणांत श्वास रोखून धरल्यामुळे दोघांच्या चेहऱ्यांवर जी कठोरता उमटे, तिलाच पुढच्या पिढ्यांनी आजी-आजोबांचा करारीपणा समजावे, असा हा एकंदर प्रकार होता. चेहऱ्यावरचे व्रण निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बुजवले जात. चार पैसे अधिक देणाऱ्याला शालूचा काठ आणि गालांची लाली पाण्याच्या रंगांनी रंगवून मिळे.

नंतर रोलचे कॅमेरे आले आणि फोटोवाला मांडवात आला. मोठ्या रोलवर चौकोनी चित्रे १२ निघत, लहान रोलवर ३६. ह्या मोजक्या संख्येमुळे त्याच्या अंगी एक प्रकारचा विवेक बाणलेला असे: देवकाला एक, हळदीला दोन, अंतरपाटाला दोन, कन्यादानाला एक, आणि उरलेली यजमानांच्या मानापमानानुसार. त्यामागून व्हिडिओचे दिवस आले. शूटिंगवाला आणि त्याच्या मागे डोळे दिपवणारा हॅलोजनचा दिवा धरून धावणारा पोऱ्या ही जोडगोळी एका पिढीच्या सर्व लग्नांत नवरा-नवरीहूनही ठळक होती. त्या चित्रणांतील नवरी मान खाली घातलेली दिसते, ती लाजेने कमी आणि दिव्याच्या झोताने अधिक. आज त्या जागी करिझ्मा अल्बम, ड्रोन आणि 'कॅन्डिड'वाला असे तिघे आले आहेत. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, ते सर्वांच्या डोळ्यांसमोरच आहेत.

खानदेशातील छायाचित्रकलेचा विषय निघावा आणि चाळीसगावच्या केकी मूस ह्यांचे नाव येऊ नये, हे मात्र योग्य होणार नाही. १९१२ साली जन्मलेल्या आणि १९८९ च्या शेवटच्या दिवशी निवर्तलेल्या ह्या पारशी कलावंताने आयुष्याची कित्येक दशके चाळीसगाव स्टेशनाजवळच्या आपल्या दगडी बंगल्याबाहेर क्वचितच पाऊल टाकून व्यतीत केली. प्रेयसी पंजाब मेलने येणार होती, ती आली नाही, आणि पुढे रोज त्या गाडीच्या वेळेला बंगल्याची दारे-खिडक्या उघडली जात, अशी कथा चाळीसगावात सांगतात. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी काम पुरेसे विस्मयकारक आहे: लहानसहान वस्तू टेबलावर मांडून, त्यांच्यावर हवा तसा प्रकाश पाडून, विस्तीर्ण निसर्गदृश्याचा आभास निर्माण करणारी त्यांची 'टेबलटॉप' छायाचित्रे आज त्या बंगल्यातल्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. प्रवासी छायाचित्रकाराला असे वाटत असते की, जितके दूर जावे तितके चित्र चांगले मिळते. त्याने धुळ्याला जाताना वाट वाकडी करून चाळीसगावला उतरावे आणि घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने एका खिडकीच्या उजेडातून काय काय काढले ते पाहावे.

उजेडाचा प्रश्न खानदेशात विशेष बिकट आहे, म्हणून तो जरा विस्ताराने मांडतो. जळगाव साधारणपणे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, धुळे त्याच्या किंचित खाली. ह्याचा अर्थ असा की, दरवर्षी २४-२५ मेच्या सुमारास, म्हणजे लग्नसराई भरात असताना, मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांतळी नाहीशी होते. ही वेळ घड्याळात साडेबाराच्या जवळपास पडते. आणि दुपारचे म्हणून जे मुहूर्त असतात ते पुष्कळदा ह्याच घटकेचे असतात. असे ऊन चेहऱ्यावर घेतले तर भुवयांची सावली डोळ्यांत भरते, मुंडावळ्यांचे पट्टे गालांवर उमटतात आणि नवरदेवाच्या नाकाखाली जो काळा डाग पडतो त्याला दूरच्या नातेवाइकांनी मिशी समजावे. उपाय साधा आहे. जोडप्याला उन्हातून काढून ओट्यावर, ओसरीत किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत, पण सावलीच्या कडेला, उभे करावे, आणि समोर चुन्याची पांढरी भिंत असेल तर तिच्याकडे त्यांचे तोंड करावे. भिंतीवरून परतलेले ऊन मऊ होऊन चेहऱ्यावर येते. हजारो रुपयांची छत्री-दिव्यांची सामग्री जे काम करते ते खानदेशातली चुन्याची भिंत फुकट करते.

मांडवाखाली निराळेच संकट उभे असते. लाल, पिवळ्या, गुलाबी कापडांतून गाळून आलेला प्रकाश त्या त्या रंगाचा होतो, आणि नवरीची अगोदरच हळदीने पिवळी झालेली त्वचा लाल छताखाली नारिंगी दिसू लागते. मनुष्याचा डोळा हा फरक आपोआप सावरून घेतो, कॅमेरा घेत नाही. म्हणून जाणकार छायाचित्रकार चित्रे 'रॉ' ह्या कच्च्या स्वरूपात साठवतात. त्यात रंगाचा तोल मागाहून दुरुस्त करता येतो, नेहमीच्या दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये तो एका मर्यादेपलीकडे साधत नाही. फ्लॅश छताकडे वळवून मऊ उजेड पाडण्याची जी युक्ती शहरातल्या पांढऱ्या छताखाली उपयोगी पडते, ती येथे अंगाशी येते, कारण लाल कापडावरून परतलेला उजेडही लालच असतो. रंगमंचामागे दिव्यांच्या भिंती उभारण्याची जी नवी हौस आली आहे, तिची खोडी आणखी वेगळी: आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने पुष्कळ दिवे सेकंदात १०० वेळा मिणमिणतात, ते डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याचा पडदा फार वेगाने उघडझाप करू लागला की चित्रात आडवे काळे पट्टे येतात. अशा ठिकाणी सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग हा वेग धरणे श्रेयस्कर.

सर्वांत मोह पाडणारा प्रकाश गोरज मुहूर्ताचा. मे महिन्यात ह्या भागात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या घटकेत, काळ्या जमिनीवरून उठलेल्या धुळीतून तिरपे आलेले ऊन सोन्यासारखे पिवळे होते. पत्रिकेवर सहा वाजून पस्तीस मिनिटांचा मुहूर्त वाचून बाहेरचा छायाचित्रकार ह्याच उजेडाचे बेत रचून बसतो. परंतु खानदेशातली वरात वाजंत्रीपुढे नाचत निघाली म्हणजे तिला मांडवाची घाई नसते, मामांची हौस संपली तर मावसभावांची उरते, आणि पत्रिकेतला मुहूर्त व प्रत्यक्ष पडलेल्या अक्षता ह्यांत दिवसाउजेडाचे अंतर पडते. तेव्हा शहाण्याने तो सोनेरी उजेड वरातीतच वसूल करावा आणि अंतरपाटासाठी अंधाराची तयारी ठेवावी.

अंतरपाटाचा क्षण एकदाच येतो, आणि त्याची वेळ गुरुजींच्या स्वरावरून ओळखावी लागते. कुंकवाचे स्वस्तिक रेखलेले ते वस्त्र मधे धरलेले असताना दोघांचे चेहरे एकमेकांना दिसत नाहीत, पण बाजूला उभे राहणाऱ्याला दोन्ही दिसतात. छायाचित्रकाराची जागा तीच. शेवटच्या मंगलाष्टकाचा सूर चढला की कॅमेरा डोळ्याला लावून स्थिर राहावे, कारण पुढच्या काही क्षणांत वस्त्र सरते, वाजंत्री कडाडते, अक्षतांचा पाऊस पडतो आणि हार घातले जातात. पडणारे दाणे हवेत सुटे सुटे थिजवावयाचे असतील तर सेकंदाचा ५०० वा भाग लागतो. ६० वा भाग ठेवला तर त्याच दाण्यांच्या रेघा होतात. मला स्वतःला रेघाच अधिक आवडतात, कारण त्यांत अक्षता पडताना दिसतात. परंतु घरच्यांना बहुधा दाणे मोजता येतील असे चित्र हवे असते, आणि लग्न त्यांचे आहे.

यंत्राच्या प्रकृतीविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश सेल्सिअस ही काम करण्याची मर्यादा छापलेली असते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जाणे ही बातमी राहिलेली नाही. कॅमेरा उन्हात ठेवलेल्या मोटारीत न ठेवता ओल्या पंचाजवळ, सावलीत, पिशवीत ठेवावा. लेन्स बदलावयाची ती फुफाट्यात न बदलता घरात जाऊन बदलावी.

रीतीचा प्रश्न प्रकाशाहून सोपा आहे, कारण खानदेशी माणूस मुळात आतिथ्यशील. मांडवाच्या दाराशी उभा असलेला जो कोणी वडीलधारा असेल, त्याला आबा, तात्या, आप्पा ह्यांपैकी जे गावात रूढ असेल त्या नावाने हाक मारून, आपण कोण, कोठले, चित्रे कशासाठी हवीत, हे सांगावे. परवानगी बहुतकरून मिळते, आणि तिच्यापाठोपाठ जेवल्याशिवाय जायचे नाही हा हुकूमही. तो मोडू नये. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी ह्यांची ती पंगत म्हणजे लग्नाचा अर्धा आत्मा. किंबहुना आदल्या रात्रीपासून भाऊबंदकीतले पुरुष मोठ्या कढईभोवती उभे राहून जळत्या लाकडांच्या उजेडात ती भाजी घोटत असतात, ते दृश्य रंगमंचावरच्या कोणत्याही दृश्याहून चित्राला अधिक अनुकूल आहे. मात्र पंगतीत घास तोंडाजवळ नेणाऱ्या माणसाचे चित्र घेऊ नये. हा अविवेक परका छायाचित्रकार हमखास करतो.

हळद हा बायकांचा प्रांत. तेथे आबांची परवानगी पुरत नाही. घरातल्या सर्वांत वडील स्त्रीला विचारावे लागते, आणि तिने मान हलवली तरच आत जावे. एकदा संकोच गेला की मग 'ओ फोटूवाला भाऊ, आमना बी येक फोटू काढ ना' अशी अहिराणीतून फर्माईश सुरू होते, आणि ती पुरी केल्याशिवाय सुटका नसते. विधींत माझ्या मते दोन जागा विशेष सरस आहेत. लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, तेव्हा त्या पोराच्या चेहऱ्यावर जबाबदारी आणि वियोग एकाच वेळी उमटतात. आणि लगेच कानपिळीत तोच भाऊ नवरदेवाचा कान पिळतो तेव्हा मांडवभर हशा उसळतो. होमाचा धूर डोळ्यांना त्रास देतो हे खरे, पण धुराच्या पलीकडून उजेड येत असेल अशा बाजूला बसावे. तोच धूर मग चित्रात उपकारक होतो. पाठवणीच्या वेळी मुलगी आईच्या गळ्यात पडून रडू लागली की, दुरून एखादे चित्र घेऊन कॅमेरा खाली करावा. त्याहून अधिक घेणारे पुष्कळ असतात. त्यांच्यात भर घालण्याची गरज नाही.

आता एका अशा चित्राविषयी लिहितो, ज्याची टिंगल करण्याची पद्धत पडली आहे. रंगमंचावर नवरा-नवरी उभी आहेत, आहेर देणाऱ्यांची रांग लागली आहे, प्रत्येक कुटुंब येते, दोन्ही बाजूंना उभे राहते, समोर पाहते, दिवा चमकतो, कुटुंब उतरते. प्रवासी छायाचित्रकार ह्या वेळी कंटाळून बाहेर जातो आणि बैलाच्या शिंगावरचा गोंडा टिपीत बसतो. शहरातून बोलावलेला कॅन्डिडवालाही हे काम गावच्या फोटोवाल्यावर सोपवतो. पण तीस वर्षांनी अल्बम उघडला जातो तो कशासाठी? हळदीचा उडालेला भंडारा पाहण्यासाठी नव्हे. हे थोरले काका, ही पिंपळनेरची आत्या, हा मागे उभा असलेला मुलगा पुढे फौजेत गेला तो, असे बोट ठेवून दाखवण्यासाठी तो उघडला जातो, आणि बोट ठेवायला जागा देतात ती ही रांगेतली, सरळ, कंटाळवाणी चित्रे. खेड्यातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचे आयुष्यातले शेवटचे स्वच्छ छायाचित्र पुतण्याच्या नाहीतर भाचीच्या लग्नातलेच असते. दहाव्याच्या फलकावर आणि भिंतीवरच्या चौकटीत जे लागते ते ह्याच रांगेतून कापून मोठे केलेले असते, आणि नीट पाहिले तर कडेला नवरीच्या शालूचा तुकडा राहून गेलेला दिसतो. म्हणून माझे मत असे की, खानदेशी लग्नाचे सर्वांत मोलाचे चित्रण आजही तालुक्याचा सामान्य फोटोवाला करीत आहे, आणि कलावंत म्हणवणाऱ्यांनी त्याच्याशेजारी तासभर उभे राहून त्याचे काम शिकून घ्यावे: कोण कोणाचा कोण हे तो यजमानाइतकेच जाणतो, आणि रुसलेल्या जावयाला रांगेत आणण्याची हातोटी त्याच्यापाशी असते.

लग्नानंतर जोडपे कुळदैवताला जाते, आणि प्रवासात भेटणाऱ्या जोडप्यांची चित्रे घेण्यास हीच वेळ उत्तम, कारण तोवर दोघांचा शीण गेलेला असतो, हातांवरची मेंदी अद्याप फिकी झालेली नसते, आणि भोवती हुकूम सोडणारी माणसे कमी असतात. धुळ्यास पांझरेच्या काठची एकवीरा, वणीची सप्तशृंगी, यावलकडची मनुदेवी, चाळीसगावजवळ पाटणची चंडिका ही कुळांप्रमाणे ठिकाणे ठरलेली. पत्रिकेत मंगळ निघालेले लोक अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात जातात. आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ तर पहाटेच्या उजेडात अशा कामासाठीच बांधले असावे असे वाटते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांचा मोह अनेकांना पडतो. तेथे एक सावधगिरी हवी: पानांतून गाळून येणारा प्रकाश हिरवा असतो आणि चेहरे आजाऱ्यासारखे दिसतात, म्हणून जोडप्याला बागेच्या आत न नेता बांधावर, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे करावे. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरील पवनचक्क्यांखाली लग्नाआधीच्या चित्रणासाठी जाणारी जोडपीही दिसतात. ह्या लग्नाआधीच्या चित्रणावर काही समाजांच्या पुढाऱ्यांनी बंदीचे ठराव केले आहेत. उधळपट्टीचा आक्षेप मला पटतो. पण दोन तरुण माणसे चारचौघांच्या गराड्याबाहेर दोन तास एकमेकांशी बोलतात, तेवढ्यापुरते त्या चित्रणाचे समर्थन करावेसे वाटते.

कायद्याचे थोडक्यात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा; जेथे सप्तपदीचा रिवाज आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे त्याचे सातवे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. नोंदणीच्या अर्जाला पत्रिकेबरोबर विधीचे छायाचित्र जोडावे लागते, म्हणजे फोटोवाल्याचे काम आता सरकारी दप्तरातही जमा होते. चित्रांच्या मालकीबाबत मात्र गैरसमज फार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन सांगून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, तसा निराळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. वाटसरूने आपणहून घेतलेल्या चित्राचा हक्क त्याचा स्वतःचा. परंतु कायद्याने हक्क आहे एवढ्यावरून परक्याच्या मुलीचे हळदीतले चित्र जगभर पाठवण्याची मुभा मिळते असे कोणी समजू नये. पाठवण्याआधी विचारावे, नाही म्हटल्यास पुसून टाकावे, आणि कोठलेही असो, घेतलेल्या चित्रांतली चांगली दहा-वीस त्या घरी पोचवावीत, शक्य तर कागदावर छापून. आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे. आखाजीच्या तोंडावर बालविवाह होण्याची भीती असते. कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असावे लागते. मांडवात उभी असलेली नवरी उघड अल्पवयीन दिसत असेल, तर कॅमेरा बाजूला ठेवून १०९८ ह्या क्रमांकावर खबर द्यावी.

शेवटी, ज्यांच्या घरी लग्नाची जुनी छायाचित्रे आहेत त्यांना एक विनंती. ती ट्रंकेतून बाहेर काढा. पानांना चिकट गोंद लावलेल्या अल्बमात असतील तर, सहज सुटत असल्यास, सोडवून साध्या कागदी पाकिटांत ठेवा, कारण तो गोंद वर्षांगणिक चित्र खातो. घट्ट बसली असतील तर ओढू नका, तशीच त्यांची प्रत घ्या. प्रत्येकाच्या मागे, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, चित्रातल्या माणसांची नावे, गाव आणि साल लिहा. शाईचे पेन वापरू नका, ती पुढे फुटते. तालुक्याच्या गावी जुना स्टुडिओ बंद होत असेल, तर त्याच्या काचा आणि निगेटिव्हांचे डबे रद्दीत जाण्यापूर्वी मालकाशी बोला आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या कागदपत्रे सांभाळणाऱ्या संस्थेकडे विचारणा करा. आणि हे काम येत्या सुटीतच करा, कारण चित्रातली माणसे ओळखणारी आजी घरात असताना जे एका दुपारी होते, ते नंतर होत नाही.